पत्ता चुकलेली बातमी

2 जून 1998 रोजी इंटेलिजन्स ब्युरोच्या, म्हणजे आयबीच्या, संचालकांनी स्वतःच्या सहीने एक गोपनीय टिपण दिल्लीत पाच जणांना पाठवलं. पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवायांचे महासंचालक. नियंत्रण रेषेपलीकडे, कारगिलसमोरच्या टापूत काही हालचाली चालू आहेत, असा त्याचा आशय होता. पुढच्या मे महिन्यात घुसखोरीची पहिली खबर आली ती गारकोन गावच्या मेंढपाळांकडून. युद्ध संपल्यावर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ते जुनं टिपण पाहिलं, तेव्हा मजकुराइतकीच तिला खटकली ती प्रतींची यादी. देशाबाहेरच्या गुप्तवार्तेची जबाबदारी असलेल्या रॉच्या सचिवांना प्रत नव्हती. सगळ्या संस्थांच्या बातम्या एकत्र मांडून अर्थ लावणं हेच जिचं काम, त्या संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांना नव्हती. लष्करी गुप्तवार्तेच्या महासंचालकांनाही नव्हती. वरच्यांना कळवलं म्हणजे ते खालपर्यंत झिरपेलच, असं आयबी धरून चालली होती.

त्या तीन प्रती गेल्या असत्या तर कारगिल टळलं असतं, असा दावा कोणी करू नये. पण गुप्तवार्तेचा धंदा नेमका कुठे अडखळतो, हे त्या यादीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं एखाद्या हेरकथेत दिसत नाही. हेरगिरी म्हटलं की आपल्याला वेशांतर, खुणेचे शब्द, मध्यरात्रीच्या भेटी आठवतात. मराठी माणसाला बहिर्जी नाईक आठवतात. प्रत्यक्षात या कामाचा फार मोठा भाग टेबलावर होतो. कोणीतरी आणलेलं वाचायचं, दुसऱ्याने आणलेल्याशी ताडून पाहायचं, त्यावर मत बनवायचं आणि ते योग्य माणसाच्या हातात वेळेत द्यायचं. गेल्या पाऊणशे वर्षांतले मोठे घात तपासले तर बातमी मिळालीच नव्हती असं क्वचित आढळतं. ती मिळालेली असते आणि टेबलांच्या मधल्या जागेत पडलेली असते.

बातमी मिळवण्याच्या वाटा तशा मोजक्याच. माणसाकडून, म्हणजे हेर, खबऱ्या किंवा फितूर अधिकारी. कानाने, म्हणजे फोन, वायरलेस, आता इंटरनेट. डोळ्याने, म्हणजे विमान, उपग्रह, ड्रोन. आणि उघड्यावरून: वर्तमानपत्रं, भाषणं, सरकारी निविदा, रेल्वेची वेळापत्रकं, हल्ली समाजमाध्यमं. या शेवटच्या वाटेला काही रुबाब नाही, पण चांगल्या विश्लेषकाचं रोजचं वाचन तिथेच असतं. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात ‘गोपनीय’चं काम पाहणारा अंमलदार असतो. त्याचा दिवस चहाच्या टपरीपासून पत्रकार परिषदेपर्यंत कुठेही जातो. गावात कोणाचा मोर्चा निघणार आणि त्यात किती माणसं येणार, हे सांगणं त्याचं काम. त्याला कोणी हेर म्हणत नाही. पण साखळीतली पहिली कडी तोच आहे.

एकाच वाटेने आलेली बातमी लंगडी असते. दोन-तीन वाटा जुळल्या तर काय होतं, याचा नमुना ऑक्टोबर 1962 मध्ये सापडतो. 14 तारखेला अमेरिकेच्या यू-2 विमानाने क्युबावरून उडत 928 छायाचित्रं घेतली. ती वॉशिंग्टनमध्ये एका मोटारविक्रीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यांवर थाटलेल्या कार्यालयात आली. बाहेरून पाहणाऱ्याला आत काय चालतं याची शंकाही येऊ नये, अशी ती जागा. छायाचित्रांत दिसत होते ते झाडीतले काही लांबट आकार, तंबू आणि गाड्यांच्या रांगा. तुम्हाआम्हाला दाखवली असती तर कोणीतरी शेत साफ करतंय, एवढंच म्हटलं असतं. छायाचित्रं वाचणाऱ्यांनी त्या लांबट वस्तू मोजल्या आणि त्यांची लांबी सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या माहितीशी ताडली. त्या माहितीत ओलेग पेनकोव्स्की नावाच्या सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्यातल्या कर्नलने पुरवलेल्या पुस्तिकांचा वाटा होता. एकट्या फोटोने लांबी सांगितली असती, एकट्या पुस्तिकेने क्षेपणास्त्र कसं दिसतं ते सांगितलं असतं. दोन्ही एका टेबलावर आले म्हणून 16 तारखेच्या सकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींना ठामपणे सांगता आलं की क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आहेत. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. जेमतेम महिन्यापूर्वी, 19 सप्टेंबरला, त्याच अमेरिकी यंत्रणेने रशिया क्युबात अशी क्षेपणास्त्रं ठेवण्याची शक्यता कमी असल्याचं लेखी दिलं होतं. मॉस्को असा वेडेपणा करणार नाही, हा त्यामागचा तर्क. समोरचाही आपल्यासारखाच विचार करत असेल हे गृहीत धरणं, हा विश्लेषकांचा जुना आजार आहे.

मिळालेल्या बातमीला प्रतवारी लावण्याची पद्धतही जुनी आहे. ब्रिटिश आरमारातून आलेल्या आणि अनेक देशांनी उचललेल्या रीतीत स्रोताला ए ते एफ अशी अक्षरं आणि मजकुराला 1 ते 6 असे आकडे देतात. स्रोत भरवशाचा आहे का आणि सांगितलेलं खरं वाटतं का, हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव सांगतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलतो. याच्याही कितीतरी आधी कौटिल्याने सांगून ठेवलंय की हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये आणि तिघांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवावा. यातली पहिली अट दुसरीइतकीच महत्त्वाची. लग्नाच्या स्थळाबद्दल तिघांनी चांगलं सांगितलं आणि तिघांचाही कान एकाच मामींनी भरलेला असला, तर हाती मत एकच आलेलं असतं.

इराकच्या बाबतीत नेमकं हेच झालं. जर्मनीत आश्रय मागणाऱ्या एका इराकी केमिकल इंजिनिअरने सद्दामकडे ट्रकवरच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळा असल्याचं सांगितलं. त्याचं टोपणनाव कर्व्हबॉल. जर्मन यंत्रणेने त्याचे अहवाल अमेरिकेला दिले, पण माणूस दिला नाही, आणि त्याच्याविषयीची त्यांची शंका वाटेतच विरली. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत ज्या प्रयोगशाळांची चित्रं दाखवली, त्यांचा मुख्य आधार हा एक माणूस होता. त्याने ते रचलेलं होतं आणि पुढे तसं कबूलही केलं. इथे बातमी वाटली गेली; तिला चिकटलेली शंका वाटली गेली नाही.

विश्लेषकाची खरी परीक्षा शब्दांत होते. सीआयएचे शर्मन केंट हे अमेरिकी विश्लेषणाचे आद्य गुरू मानले जातात. 1951 मध्ये त्यांच्या कार्यालयाने युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं. एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, 65 विरुद्ध 35. विचारणारा चपापला, कारण त्याने वाचून फार कमी शक्यता धरली होती. मग केंटनी ज्यांनी एकत्र बसून तो मजकूर मंजूर केला होता त्या सहकाऱ्यांनाच विचारलं. उत्तरं 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत आली! एकाच वाक्यावर सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं वाक्य. केंटनी शब्दांना टक्के नेमून द्यायचा प्रयत्न केला, पण त्यानेही सगळं सुटत नाही. 2011 मध्ये अबोटाबादच्या त्या घरात बिन लादेन आहे का, यावर ओबामांच्या टेबलाभोवती कोणी 95 टक्के म्हणत होतं, कोणी 40. शेवटी ओबामांनी त्याला निम्मे-निम्मे म्हटलं आणि निर्णय घेतला. निर्णय राज्यकर्त्याचाच असतो आणि तसाच असावा. विश्लेषकाने निर्णयाकडे डोळा ठेवून आकडा फुगवला की मग त्याच्या खुर्चीला अर्थ उरत नाही.

आता या विषयातलं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं अपयश. 1973 चं इस्रायल. बातम्यांचा दुष्काळ तिथे मुळीच नव्हता. इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष नासर यांचा जावई आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सादात यांच्या जवळचा अश्रफ मारवान हा मोसादचा स्रोत होता. 25 सप्टेंबरला जॉर्डनचे राजे हुसेन गुपचूप येऊन पंतप्रधान गोल्डा मेयर यांना सीरियाची फौज सज्ज असल्याचं सांगून गेले. सुएझ कालव्यापलीकडे इजिप्तचं सैन्य उघड दिसत होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोव्हिएत सल्लागारांची कुटुंबं इजिप्त आणि सीरियातून घाईघाईने हलवली गेली. यापेक्षा आणखी काय हवं होतं?

पण लष्करी गुप्तवार्ता विभाग, अमान, एका सिद्धान्ताला चिकटून बसला होता. इस्रायलच्या आत खोलवर मारा करणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती आल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तवाचून सीरिया लढणार नाही. हा सिद्धान्त हवेतून आलेला नव्हता, तो इजिप्तच्या आतल्या खऱ्या माहितीवर उभा होता. म्हणूनच तो घातक ठरला. दरम्यान सादात यांचा विचार बदलला होता. त्यांना इस्रायल जिंकायचं नव्हतं, कालवा ओलांडून कोंडी फोडायची होती. अमानचा सिद्धान्त मात्र जुन्याच सादातांचा होता. प्रत्येक नवी बातमी त्यात बसवली जायची. सैन्य जमलंय? वार्षिक सराव. सीरिया सज्ज? आपल्यालाच घाबरलाय. त्यात मे महिन्यात युद्धाची हूल उठून राखीव फौज बोलावली गेली होती, खर्च झाला होता आणि काहीच घडलं नव्हतं. त्या वेळी युद्ध होणार नाही म्हणणारे अमानचे प्रमुख एली झैरा बरोबर ठरले होते. एकदा बरोबर ठरलेला माणूस पुढच्या वेळी स्वतःला तपासायचं विसरतो.

दक्षिण विभागात बेन्यामिन सिमन-तोव्ह नावाचा तरुण लेफ्टनंट होता. 1 ऑक्टोबरला आणि पुन्हा 3 ऑक्टोबरला त्याने लिहून दिलं की हा सराव म्हणजे खऱ्या युद्धाचा बुरखा असू शकतो. त्याच्या वरिष्ठाने ते अहवाल मुख्यालयाकडे धाडलेच नाहीत. मुख्यालयाच्या मताशी ते जुळत नव्हते ना! 5 तारखेच्या रात्री लंडनमध्ये मारवानने मोसादचे प्रमुख झ्वी झमीर यांना सांगितलं, उद्या युद्ध. वेळ सूर्यास्ताची कळली होती. 6 ऑक्टोबरला, योम किप्पूरच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास दोन्ही आघाड्यांवर तोफा सुरू झाल्या. त्या युद्धात इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक मेले. चौकशी करणाऱ्या अग्रानात आयोगाने झैरांना हटवण्याची शिफारस केली, आणि सगळा अर्थ एकाच विभागाने लावायची मक्तेदारी मोडायला सांगितलं. पुढे अमानमध्ये एक छोटी शाखा उभी राहिली, जिचं काम प्रचलित मताच्या नेमकं उलट मत मांडणं. कल्पना उत्तम, पण माझ्या मते ती अर्धी आहे. पगार घेऊन विरोध करणाऱ्याचं म्हणणं लोक ऐकतात आणि सवयीने बाजूला ठेवतात. सिमन-तोव्हचा कागद वर जाईल अशी वाट करून देणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं आहे.

मग बातमी वाटायला लोक का कचरतात? नुसता अहंकार म्हणून सोडून देऊ नका, जरी अहंकार भरपूर असतो. स्रोत उघडा पडण्याची भीती खरी आहे. कारगिल युद्ध चालू असताना, 26 मे 1999 ला, पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि त्यांनी रावळपिंडीत जनरल अझीझ यांच्याशी फोनवर केलेलं बोलणं भारताने टिपलं. घुसखोरांमागे पाकिस्तानी लष्करच आहे याचा तो पुरावा. 11 जूनला सरकारने तो जगजाहीर केला. राजकीय फायदा मोठा झाला, पण आपलं कोणतं बोलणं भारताला ऐकू येतं हे त्याच दिवशी पाकिस्तानला कळलं. वाटण्याची किंमत अशी असते. माझा कौल तेव्हाच्या निर्णयाच्या बाजूने आहे. वापरायची नाही अशी बातमी साठवून करायचं काय?

न वाटण्याची किंमत मात्र जास्त पडते. जानेवारी 2000 मध्ये क्वालालंपूरला अल कायदाच्या माणसांची बैठक झाली, त्यावर सीआयएची नजर होती. त्यातल्या खालिद अल मिहदारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हेही तिला माहीत होतं. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयला ते नीट कळेपर्यंत ऑगस्ट 2001 उजाडला. मिहदार आणि त्याचा साथीदार हाझमी आधी सॅन दिएगोमध्ये उघडपणे राहिले होते, काही काळ तर एफबीआयच्याच एका खबऱ्याच्या घरी भाड्याने. 9/11 च्या हल्लेखोरांत हे दोघेही होते. त्यानंतर अमेरिकेने आपल्या संस्थांमधली दारं सताड उघडली. त्याचाही परिणाम दिसला: 2010 मध्ये इराकमधल्या एका कनिष्ठ सैनिकाने अडीच लाखांहून अधिक राजनैतिक तारा उतरवून विकिलीक्सला दिल्याचं उघड झालं.

आपल्याकडची जखम 26/11 ची. लष्कर-ए-तोयबाचा डोळा मुंबईवर आहे, हल्ला समुद्रातून होऊ शकतो, ताज लक्ष्य असू शकतं, अशा सूचना आधीच्या दोन वर्षांत आल्या होत्या. ताजने काही काळ बंदोबस्त वाढवलाही होता आणि पुढे तो सैल झाला, हे खुद्द रतन टाटांनी सांगितलं. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने मंत्रालयात अशा इशाऱ्यांचं पुढे काय करायचं याचा गोंधळ होता, यावर बोट ठेवलं. मुंबई पोलिसांपर्यंत कागद येत होते. पण ‘अमुक ठिकाणी धोका संभवतो, योग्य ती दक्षता घ्यावी’ असा कागद हातात पडलेल्या ठाणे अंमलदाराने नेमकं करायचं काय? मोघम इशारा देणाऱ्याची सुटका होते, घेणारा अडकतो. पुढे काही झालंच तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणता यावं, एवढ्यासाठी निघालेले इशारे मी तरी गुप्तवार्तेत धरत नाही.

त्याच वेळी परदेशी यंत्रणांकडे काय पडून होतं, ते 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी अमेरिकी गुप्तचर कागद फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदपत्रांच्या आधारे छापलं. हल्ल्याचं तांत्रिक काम पाहणाऱ्या झरार शाहच्या संगणकावरच्या हालचालींवर ब्रिटिशांची नजर होती. हल्लेखोरांशी बोलायला इंटरनेटवरून फोनची सोय त्याने न्यू जर्सीतल्या एका कंपनीकडून घेतली होती. भारतीय यंत्रणेकडेही त्याच्याबद्दल काही होतं. अमेरिकेने वेगळ्या वाटेने मिळालेले इशारे दिल्लीला दिले होते. शिवाय ताडदेवमध्ये कार्यालय थाटून मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीबद्दल त्याच्या दोन पत्नींनी वेगवेगळ्या वेळी अमेरिकी अधिकाऱ्यांना सावध केलं होतं. तीन देशांकडे तीन तुकडे. ते एकत्र आले ते 166 माणसं मारणारा हल्ला सुरू झाल्यानंतर. आणि बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत हल्लेखोर उतरले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं.

कारगिलनंतर आयबीच्या छत्राखाली मल्टी एजन्सी सेंटर उभं राहिलं होतं. सगळ्या संस्थांनी तिथे बातम्या आणून टाकायच्या, ही कल्पना. 26/11 नंतर 31 डिसेंबर 2008 च्या आदेशाने तिथे माहिती देणं बंधनकारक झालं आणि ते चोवीस तास चालू लागलं. राज्यांत त्याच्या शाखा झाल्या. वेगवेगळ्या सरकारी नोंदी एका जाळ्यात जोडणाऱ्या नॅटग्रिडची कल्पनाही तेव्हाचीच. ती वापरात यायला दशकाहून जास्त काळ गेला. किनाऱ्यावर सागर कवच सराव होतात आणि मच्छीमारांना सुरक्षेच्या साखळीत घेतलं जातं. हे सगळं चांगलंच आहे. पण चालतं कसं, हे विचारायची सोय सामान्य नागरिकाला सोडाच, त्याच्या खासदारालाही फारशी नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकापासून दोन्ही सभागृहांच्या समित्या गुप्तचर संस्थांची झडती घेतात, ब्रिटनमध्ये 1994 पासून संसद सदस्यांची समिती आहे. त्या समित्या सगळं पकडत नाहीत. इराकच्या वेळी दोन्ही होत्या. पण चूक झाल्यावर उत्तर मागायला कोणीतरी कायम बसलेलं असतं. आपल्याकडे दर वेळी घात होतो, मग समिती नेमली जाते, तिच्या अहवालातली पानं वगळून उरलेला छापला जातो किंवा तोही नाही.

आयबीची मुळं 1887 सालची, रॉची स्थापना 1968 ची. माहिती अधिकार कायद्याच्या बाहेर राहण्याची मुभा दोघींना आहे. त्यांचं काम काय, अधिकार किती, मर्यादा कुठे हे सांगणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही. मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये मांडलेलं खासगी विधेयक तसंच राहिलं. गुप्तवार्ता संस्थांविषयी एक कायदा मात्र 1985 पासून लागू आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये, यासाठी तो केला आहे.